सात देशांच्या तक्त्यात भिकुबाई

भिकुबाईंना माहेरचा रस्ता पाठ होता, फक्त त्या रस्त्याने त्यांचं जाणं होत नसे. सोनगीर काही लांब नाही. धरणगावजवळच्या आमच्या गावातून अमळनेरला जायचं, तिथून धुळ्याची एसटी धरायची, धुळ्याला गाडी बदलायची आणि हायवेवरून किल्ला दिसला की पिशवी उचलायची. सकाळी निघालेलं माणूस जेवणाच्या वेळेला पोहोचतं. भिकुबाईंना मात्र तिथे पोहोचायला चाळीसेक वर्षं लागली.

आमच्या खानदेशात सासरी गेलेली लेक माहेरी येते ती आखाजीला. इतर मुलुखांत अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस. आमच्याकडे तो पितरांचा आहे आणि त्याहून जास्त लेकींचा आहे. कडुनिंबाला झोके बांधतात, आमरस-सांजोऱ्या होतात, आणि नातवंडं झालेल्या बायाही दुपारभर झोक्यावर बसून सासरच्या माणसांचा उद्धार करतात. लेकीला न्यायला आधी माहेरचा माणूस मुराळी म्हणून येतो. भिकुबाईंचा धाकटा भाऊ सुपडू दर वर्षी यायचा. गूळपाणी घ्यायचा, जेवायचा, "अक्का, यंदा तरी चाल," म्हणायचा आणि संध्याकाळी तुपाची बरणी घेऊन एकटाच परत जायचा. पुढे पुढे त्याला याची इतकी सवय झाली की रिकामी बरणी तो घरूनच घेऊन येऊ लागला.

आड यायची ती गाय. भिकुबाईंच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी एक गाय आंदण दिली होती. ती भिकुबाईंशिवाय कोणाच्या हाताला दूध देत नसे. त्यांचे यजमान रुपचंद नाना बसले की ती दूध चोरायची, वर लाथही झाडायची. एकीच्या चार गायी झाल्या, चाराच्या बारा, आणि पुढे संकरित गायींचा चाळिसांचा गोठा उभा राहिला. दूध काढायला माणसं आली, गेली, पुन्हा आली. तरी दोन्ही वेळच्या धारेला भिकुबाई हजर पाहिजेत, हा नियम काही बदलला नाही.

"जाशील ना, जाय," नाना म्हणायचे. "मी कोठे नही म्हनस? पन गायी पान्हावतीन का, ते तू सांग."

नानांनी बायकोला "जाऊ नको" असं कधीही म्हटलं नाही. ते सगळं गायींवर सोडत. गायींना कोणी विचारत नसे.

रुपचंद नाना माणूस चांगला. गावात कोणाच्या घरी मयत झाली तर सरपण घेऊन पहिले तेच पोहोचतात. पण शेजारच्याशी तुलना केल्याशिवाय त्यांना काही गोड लागत नाही. बैल होते तेव्हा ते शेजारच्या अभिमनच्या बैलांशी ताडून पाहायचे. कापूस वेचायला आला की बांधावर उभं राहून अभिमनची बोंडं आपल्या बोंडांशी. मुलगा नवल माझ्या वर्गात होता; त्याला गणितात किती गुण पडले हे न विचारता नाना आधी विचारायचे, "गुरुजी, त्यान्हापेक्षा जास्त कोनले शेतस?" मुलगा हुशार निघाला, इंजिनिअर झाला आणि हॉलंडमध्ये दूध काढण्याचे रोबोट बनवणाऱ्या एका कंपनीत लागला. तेव्हापासून नानांना गावात तुलनेला कोणी उरलं नाही.

चार वर्षांपूर्वी कंपनीला उष्ण मुलखात एक रोबोट चालवून पाहायचा होता. नवलने आपला गोठा सुचवला. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात जे यंत्र टिकेल ते कुठेही टिकेल, हा त्याचा मुद्दा कंपनीला पटला. फोनवर तो आईला म्हणाला, "आई, आता दोन्ही वेळेला बांधून राहायची गरज नाही. गाय स्वतः यंत्राकडे जाते. युरोपात लोक याच्यासाठीच तर घेतात, की घरच्या माणसाला कुठे जाता यावं."

भिकुबाईंनी त्यातलं शेवटचं वाक्य नीट ऐकलं. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "आखाजी कव्हय शे यंदा?"

यंत्र आलं. त्याला काचेची खोली, पंखे, पाण्याचे फवारे, विजेची वेगळी सोय. अभिमन त्याला "नानाचा जावई" म्हणू लागला, कारण घरात लेक नसताना एवढी बडदास्त दुसऱ्या कोणाची होणार? चालायचं ते असं. गायीच्या गळ्यात पट्टा. ती आपल्या पायांनी पिंजऱ्यासारख्या जागेत शिरली की यंत्र पट्ट्यावरून तिला ओळखतं, पुढ्यात गोळी पेंड पडते, खालून एक लोखंडी हात येऊन सड धुतो, नळ्या लावतो. दूध निघालं की दार उघडतं. नुकतीच धार काढलेली गाय पेंडीच्या आशेने पुन्हा शिरली, तर यंत्र पेंड न देता तिला बाहेर काढतं. सगळी मेख पेंडीत. गायीला दुधाचं ओझं उतरवायचं नसतं, तिला खायचं असतं. भूक असेल तरच ती चालत येते.

पहिल्या आखाजीला सुपडू आला तो बरणी न घेता. भिकुबाईंनी नवं लुगडं पिशवीत घातलं होतं.

"नवलना बाप, आते तर मशीन दूध काढस," त्या म्हणाल्या. "आते मी कोनासाठे थांबू?"

"मशीन काढस," नाना म्हणाले, "पन गायी मशीनकडे जातस का? त्यास्ले हाकलीसन कोन नेई? तुन्हाच आवाज वळखतस त्या."

हेही खरंच होतं. गायी यंत्राकडे जात नव्हत्या. गव्हाणीपाशी उभ्या राहून रवंथ करत भिकुबाईंच्या वाटेकडे डोळे लावून बसत. भिकुबाई एकेकीला नावाने हाका मारत, पाठीवर थोपटत यंत्रापर्यंत पोहोचवत. लुगडं पिशवीतून निघालं. सुपडूला त्या दिवशी तूप पिशवीतल्या पिशवीत न्यावं लागलं.

आता तक्त्याचं सांगतो. कंपनीने निरनिराळ्या देशांतल्या सात गोठ्यांचा एक गट केला होता. हॉलंड, डेन्मार्क, आयर्लंड, कॅनडा, जपान, न्यूझीलंड आणि आपण. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्यांच्या फोनवर एक तक्ता यायचा. यंत्राने दिवसाला किती दूध काढलं, गाय दिवसातून किती वेळा आपण होऊन आली, सड सापडायला किती वेळ गेला, आणि किती गायींना माणसाने आणावं लागलं. खाली गटातले लोक एकमेकांना प्रश्न विचारत, सल्ले देत. नानांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पहिल्या तारखेला चहा माझ्याकडे.

पहिला तक्ता मात्र त्यांनी मला न दाखवताच वाचला, कारण आकडे तर आकडेच. शेवटच्या रकान्यात भारतापुढे एकोणीस होते आणि खाली-वर कोणाकडेही तीन-चारापेक्षा जास्त नव्हते. नानांनी पेढे वाटले. माझ्याही घरी आले. पेढा खाऊन झाल्यावर मी तक्ता पाहिला आणि सांगितलं की हा रकाना आणाव्या लागलेल्या गायींचा आहे. यात ज्याचा आकडा मोठा, तो सगळ्यांत मागे.

नानांनी तक्ता पुन्हा वरपासून खाली पाहिला. मग म्हणाले, "पेढा तर खाई लिन्हा ना तुम्ही?"

"खाल्ला."

"मंग जाऊ द्या."

पण त्यांनी काही जाऊ दिलं नाही. बैलांच्या वेळी अभिमन होता. आता सहा देश झाले होते, आणि नाना सहाही देशांच्या मागे. कॅनडावाले दोघे भाऊ बर्फात दार उघडायला फावडं वापरत होते, तरी त्यांच्या गायी रात्री-अपरात्री आपण होऊन येत. न्यूझीलंडवाल्याच्या गायी दूरच्या कुरणातून चालत येत. आमच्या गायींना हाकेच्या अंतरावर यायचं होतं. "आमच्याकडे ऊन फार," असं नानांनी मला गटात लिहायला लावलं. गटाचा तक्ता जुळवणाऱ्या डेन्मार्कच्या किर्स्टनबाईंनी फार आदबीने उत्तर दिलं की डिसेंबरमधले तुमचे आकडेही असेच आहेत.

मग उपाय सुरू झाले. कंपनीची देखभाल करणारी चारुलता धुळ्याहून यायची. हुशार, बोलकी पोरगी, नानांना न घाबरणारी. तिने पंखे वाढवले, खुरं कापून घेतली, दारापुढचं निसरडं खडबडीत केलं, पट्टे तपासले. नवलने हॉलंडहून पेंडीला बडीशेपेचा वास देण्याची शिफारस केली. ती पेंड आणून टाकली, तर गायींआधी अभिमनच्या शेळ्या आल्या. आकडा हलला नाही. चारुलता यायची, घाम पुसायची, आणि दर खेपेला भिकुबाईंना तोच प्रश्न विचारायची.

"मावशी, खरं सांगा. नेहमीच्या चाऱ्याशिवाय, मशीनच्या बाहेर यांना काही खायला देता का?"

"नही व माय," भिकुबाई म्हणायच्या. "ढेपना एक कण बी बाहेर देस नही मी. तुन्ही सांगेल शे ना!"

भिकुबाई खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हेत. त्या ढेप, म्हणजे पेंड, देत नव्हत्याच. त्या गोग्रास देत होत्या.

तव्यावरची पहिली भाकरी गायीची, हे आमच्याकडे कोणत्या घरात नाही? एक गाय होती तोवर भिकुबाईंची एक भाकरी जायची. चार झाल्या तेव्हा चार. पुढे गोठा वाढला, तेव्हा कोणी म्हणालं की आता एकीला दिली की सगळ्यांना पावली. भिकुबाईंना ते पटेना. पंगतीत बसलेल्या एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला नाही, असं माणसांत करत नाहीत, तर गायींत कसं करायचं? चाळीस भाकऱ्या थापायच्या म्हणजे दुपार व्हायची. मग लग्नकार्याचं मोठं तपेलं चुलीवर चढलं. त्यात बाजरीची घुगरी, भाकरीचा चुरा, हरभऱ्याची चुणी, वर गूळ. आधी ओंजळभर द्यायच्या. रोबोट आल्यावर त्यांना गायींची दया आली, की बिचाऱ्यांना आता माणसाचा हात लागत नाही. ओंजळीचं टोपलं झालं. मग देवदिव्याच्या वेळी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून संध्याकाळचंही सुरू झालं.

हे काही चोरून चाललं नव्हतं. नाना पाहत होते, अभिमन पाहत होता, मीही शाळेत शिकवायला जात होतो तेव्हापासून तपेल्याचा धूर पाहतच आलोय. कोणालाही ते खाद्य वाटलं नाही. उपासाच्या दिवशी घेतलेला प्रसाद आपण खाणं धरतो का? चारुलता यायची ती दुपारी. तोवर तपेलं घासून पालथं घातलेलं असायचं, आणि पोटभर गूळ-घुगरी खाल्लेल्या गायी हॉलंडच्या गोळ्यांकडे पाहून तोंड फिरवायच्या.

दुसरी आखाजीही अशीच गेली. त्या वेळी नाना म्हणाले, "सातवा नंबर शे आपला. तू गई तर आठवा व्हई." गट सातांचाच आहे, हे भिकुबाईंना माहीत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी सुपडू पिकअप घेऊन आला. उतरला नाही. गूळपाणी आलं ते त्याने खिडकीतूनच घेतलं.

"अक्का, बस," तो म्हणाला. "मी आते म्हातारा व्हयनू. मुराळी म्हनीसन किती येळा येऊ? झोका बांधेल शे. तू नही बसनी तर मी सोडी टाकस."

नानांनी तोंड उघडलं. पण त्याच वेळी नवलचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि तो हॉलंडहून ओरडला, "आई, बस गाडीत! नाना, चारुलताला मी सांगितलंय, ती येऊन जाईल." मुलापुढे आणि मेव्हण्यापुढे एकदम गायींचं कारण सांगणं नानांना जमलं नाही. भिकुबाई तशाच, हातातल्या पिठासकट गाडीत बसल्या. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "गायीस्ना घास चुकाडजा नका."

नानांनी तो चुकवला नाही. पण त्यांना काही घुगरी शिजवता येत नाही. शेजारून अभिमनच्या घरून त्यांना भाकरी यायची, तिचा तुकडा मोडून ते दाराजवळच्या गायीला देत, आणि बाकीच्यांना लांबून हात जोडत.

दोन दिवस गायी गव्हाणीपाशी उभ्या राहिल्या; नाना त्यांना ढकलत यंत्रापर्यंत नेत. तिसऱ्या दिवशी एक आपण होऊन यंत्राकडे गेली. तिच्यामागे दुसरी. आठवडा संपेपर्यंत यंत्रापुढे रांग लागू लागली, आणि रात्री बारालाही नानांच्या फोनवर दूध निघाल्याची खूण उमटू लागली. आकडे इतके बदलले की चारुलताला वाटलं यंत्र बिघडलं. ती धावत आली, सगळं तपासलं. यंत्र ठीक होतं.

"नाना, तुम्ही काय बदललं?"

"काहीच नही."

अभिमन कुंपणावर हात ठेवून ऐकत होता. "काहीच कसं नही?" तो म्हणाला. "नाना, तपेलं पंधरवाड्याफाईन पालथंच शे."

"कसलं तपेलं?" चारुलता म्हणाली.

तिला चुलीपाशी नेलं. गोग्रास म्हणजे किती, तेही सांगितलं. ती तपेल्याच्या काठावर हात ठेवून उभी राहिली. "माझी आईपण देते," ती म्हणाली, "पण पोळी. एक!" मग तिला जे हसू सुटलं ते थांबेना. नानांना मात्र हसू आलं नाही. ते गोठ्याकडे पाहत होते.

पहिल्या तारखेचा तक्ता आला. भारत तिसरा. आणाव्या लागलेल्या गायी दोन. नाना माझ्याकडे आले ते पेढे घेऊनच. या खेपेला आधी मला तक्ता वाचायला लावला आणि मगच पुडा सोडला. खाली किर्स्टनबाईंचा निरोप होता: अभिनंदन, तीन वर्षांत जे झालं नाही ते एका महिन्यात झालं, तुम्ही काय बदललंत?

"लिहा, पंखे," नाना म्हणाले.

"पंखे तीन वर्षांपासून आहेत, नाना. त्यांना माहीत आहे."

"बडीशेप लिहा."

"तीपण माहीत आहे."

नानांनी पेढ्याचा पुडा पुन्हा बांधला, पुन्हा सोडला. शेवटी म्हणाले, "मंग खरं लिही टाका. नवलनी माय माहेरले गयेल शे."

मी नानांच्या नावाने लिहिलं. माहेर या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही; माझी पत्नी तिच्या आईच्या घरी निघून गेली आहे आणि तेव्हापासून गायी सुधारल्या आहेत, असं ते झालं. गोग्रासाचं पुढच्या निरोपात समजावून लिहू म्हणून ठेवलं. तेवढ्यात निरोप यायला लागले. कॅनडाच्या भावांनी लिहिलं, धीर धरा, आमच्या थोरल्यालाही हे सोसावं लागलं होतं. आयर्लंडवाल्याने लिहिलं की कामात मन गुंतवणं चांगलं, पण मित्रांशी बोला. जपानच्या गृहस्थांनी झाडाचं एक चित्र पाठवलं. किर्स्टनबाईंनी फक्त इतकंच विचारलं: तुम्ही तिला परत यायला सांगितलंत का?

नाना रागावले. "यास्ले काय कळस? बाई माहेरले गई म्हंजे काय घर सोडी गई?"

पण गावातही तीच चर्चा होती. कारण आखाजी होऊन महिना उलटला आणि नाना बायकोला आणायला गेले नव्हते. पाराजवळ अभिमनने सगळ्यांदेखत विचारलं, "नाना, काय आयकस मी? काकूले माहेरले धाडी दिन्ही म्हने?"

"धाडी काय? मुराळी उना, गई."

"मंग आनत का बरं नही?"

"राहू दे ना चार दिवस. चाळीस वरीसमा गई नही ती."

"अरे, हाई कव्हय याद उनं तुम्हले? तक्ता उना तव्हय?"

ज्या माणसाने चाळीस वर्षं बायकोला दोन दिवस सोडलं नाही, तो आता "राहू दे, राहू दे" म्हणत होता. सोनगीरहून सुपडूचा फोन आला की नाना ख्यालीखुशाली विचारत, आंब्याचं विचारत, आणि घ्यायला कधी येऊ ते तेवढं राहून जाई. गाव म्हणत होतं नानाने बाई टाकली. सहा देश म्हणत होते बाईने नानाला टाकलं. जगभरच्या आकड्यांत एवढं एकमत मी त्या तक्त्यात कधी पाहिलं नव्हतं.

गटातले निरोप नवललाही दिसत. त्याने घाबरून आईला फोन लावला. "आई, तू भांडून गेलीस का? नाना सगळ्या जगाला सांगताहेत तू निघून गेलीस म्हणून. आणि तू गेल्यापासून आपला नंबर वर आलाय म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपडूची पिकअप आमच्या गल्लीत शिरली. मी ओट्यावर होतो. नाना माझ्याकडेच बसले होते. भिकुबाई उतरल्या त्या घरात गेल्या नाहीत. सरळ गोठ्याकडे. आम्हीही मागून गेलो.

यंत्रापुढे चार-पाच गायी उभ्या होत्या. भिकुबाईंनी हाक मारली, "चंद्री!" चंद्रीने मान वळवली. ओळखलं, यात शंका नाही, कान हलवले तिने. मग पुढचं दार उघडलं आणि ती आत गेली.

भिकुबाई दारातल्या दगडावर बसल्या. महिनाभर माहेरचं खाऊन चेहरा भरला होता. हाताला मेंदी होती, साठीतल्या हाताला. नानांनी चारुलताने सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. तपेल्याचं, पोटभर गायींचं, भुकेचं. 

"म्हंजे गायी मन्हावाचून राहतस," शेवटी त्या म्हणाल्या.

"राहतस," नाना म्हणाले. मग घाईने, "आनी चांगल्या राहतस!"

"आनी मी इतल्या आखाज्या त्यास्नासाठे थांबनू."

नाना पायाने सांडलेला चारा गव्हाणीकडे सारू लागले.

"गायीस्नासाठे नही, तर मंग कोनासाठे थांबनू मी, नवलना बाप?"

सुपडू गाडीच्या चाकाकडे पाहू लागला. मला तिथून निघायला हवं होतं, पण पाय निघेना. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, आतून बाहेरून पाहिली, पुन्हा घातली.

"माले घरमा एकटं करमत नही," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी गायींच्या तोंडून किती वेळा वदवलं असेल, कोण जाणे.

भिकुबाईंना राग यायला हवा होता. आला असेलही. पण त्या बराच वेळ त्यांच्याकडे नुसत्या पाहत राहिल्या, जणू हा माणूस आता नव्यानेच गावात राहायला आला आहे. मग म्हणाल्या, "इतलंच व्हतं, तर सांगानं व्हतं. दोन दिवस झोका खेळीसन परत येती मी. चाळीस वरीस गायीस्नं नाव कशाले सांगं?"

"आते सांगं ना. राहाय आते. तक्ता जाऊ दे खड्डामा."

"आते कसं राहू? मी हाई इचारालेच येल व्हतू." त्या उठल्या, लुगडं झटकलं. "भाऊनी नात येई राहिनी उद्या सासरथीन. पापड करना शेतस. आठ दिवसमा येस."

"मी बी येऊ का मंग?" नानांनी विचारलं. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

भिकुबाई गाडीत चढता चढता थांबल्या. "या ना," त्या म्हणाल्या. "पन मशीनले कोन देखी, ते तुम्ही सांगा."

सुपडूला खोकला आला. गाडी गेली.

आठ दिवसांनी त्या खरोखर आल्या, सांगितल्या दिवशी, एसटीने, एकट्या. चारुलताशी त्यांचा करार झाला: गोग्रास चालू राहील, पण ओंजळभर. पंधरा दिवस ओंजळ ओंजळच राहिली. मग तिला दोन ओंजळी म्हणू लागले, मग टोपलं परत आलं, आणि तपेल्याचा धूर पूर्वीसारखा माझ्या ओट्यावर येऊ लागला. चारुलता आता दुपारी येत नाही, सकाळी येते, आणि काही म्हणत नाही. गूळ-घुगरी तिलाही वाटीभर मिळते.

भिकुबाई आता माहेरी जातात. आखाजीला जातात, दिवाळीला जातात, भाच्याच्या मुलीच्या बाळंतपणालाही जाऊन आल्या. विचारत नाहीत, सांगतात. त्या गेल्या की भारत तिसरा, कधी चौथा. त्या आल्या की सातवा. किर्स्टनबाईंना सगळं समजावून लिहिलं तेव्हा त्यांनी तक्त्यात आमच्या नावापुढे एक टीप घालायची परवानगी मागितली. आता आमच्या ओळीखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, पत्नी घरी की आईच्या घरी. कंपनीच्या कोणा तज्ज्ञाने म्हणे उष्ण प्रदेशातल्या हंगामी चढउताराचं कारण म्हणून त्याची नोंद घेतली आहे.

या महिन्याचा तक्ता घेऊन नाना आले तेव्हा अभिमनही माझ्या ओट्यावर होता.

"कितवा, नाना?" त्याने विचारलं.

"सातवा."

"मंग तोंड का बरं इतलं खुलेल शे?"

नानांनी चहाची बशी खाली ठेवली. "घरमा शे ती," ते म्हणाले, आणि जेवायची वेळ झाली म्हणून उठले.